पाटीवाले सर

बी.ए.च्या वर्गात बसून दगडी पाटीवर लिहिणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर माझ्याकडे बघा. वय वर्षं एकोणीस, ओठावर नुकती फुटलेली मिशी, अंगात थोरल्या भावाचा कोट आणि काखेत लाकडी चौकटीची पाटी, अशा थाटात मी दोन वर्षं सांगलीच्या रस्त्यांवरून कॉलेजात गेलो. पाटीच्या चौकटीला भोक पाडून त्यात ओलं फडकं बांधलेलं असे. आम्ही दोघं गणितवाले फाटकातून आत शिरलो की इंग्रजीच्या वर्गातली मुलं 'बिगरी आली, बिगरी आली' म्हणून गलका करत. याला जबाबदार एकच माणूस. त्यांना सारं कॉलेज पाटीवाले सर म्हणायचं आणि हे नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं.

लढाईचे दिवस होते. कागद मिळायचा नाही, मिळाला तर असा खरखरीत की टाक अडकून बसायचा. इतिहासवाले, संस्कृतवाले जुन्या वह्यांच्या कोऱ्या कडांवर बारीक अक्षरात दाटीवाटीनं टिपणं काढत. आमचे सर बी.ए.च्या पहिल्या दिवशी वर्गात आले आणि म्हणाले, "कागद नाही म्हणून गणित थांबत नाही. उद्या येताना पाटी आणा." आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सर स्वतःची पाटी घेऊन हजर. मग काय, गेलो बाजारात. दुकानदारानं विचारलं, "मुलगा कितवीत आहे?" माझ्याबरोबर दस्तगीर होता. तो म्हणाला, "बी.ए.ला आहे. मीच तो मुलगा."

आम्ही म्हणजे मी आणि दस्तगीर. अख्ख्या वर्गात दोघंच. मी कृष्णाकाठच्या एका खेड्यातला, ऊस आणि शाळू पिकवणाऱ्या घरातला. दस्तगीर मिरजेचा, त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवत. वर्ग दोघांचा असला तरी सर रोज हजेरी घेत. चष्मा नाकावर ठेवून पहिलं नाव वाचत, मान वर करून 'हजर' ऐकत, खूण करत, मग दुसरं नाव वाचत. एकदा दस्तगीर आजारी होता. सरांनी त्याचं नाव तीनदा पुकारलं आणि मागच्या रिकाम्या बाकांवरून नजर फिरवून पाहिलं, की कुठे दडून बसलाय की काय. मी हसू दाबायला तोंड पाटीआड धरलं.

सर मूळचे वाईचे. घराणं घाटावरच्या एका देवळाच्या पुजाऱ्यांचं. बुटकी मूर्ती, धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि टोपीपासून चपलांपर्यंत खडूची भुकटी. ते मुंबईला एम.ए. झाले होते आणि तिकडच्याच एका मोठ्या कॉलेजचं बोलावणं सोडून सांगलीला आले होते. असं का केलंत, म्हणून दस्तगीरनं एकदा धीर करून विचारलं. तेव्हा म्हणाले, "मला गणित शिकायला घरापासून फार लांब जावं लागलं. आमच्या वेळचे दोघंतिघं हुशार होते, ते एवढं लांब जाऊच शकले नाहीत. इकडच्या मुलांसाठी जवळ एक वर्ग असावा, एवढंच माझं म्हणणं." एवढं बोलून लगेच फळ्याकडे वळले. स्वतःबद्दल याहून जास्त बोलताना मी त्यांना ऐकलं नाही.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा न्यारी होती. फळ्यावर ते प्रमेय मांडत, सिद्धता आम्ही पाटीवर करायची. तासभर डोकं खाजवून, पेन्सिल कुरकुरवून पाटी भरून काढावी, सरांनी ती हातात घेऊन ओळ अन्‌ ओळ वाचावी, मान डोलवावी आणि म्हणावं, "छान. पुसा." जीव तुटायचा हो! इतकी सुबक सिद्धता, ती ओल्या फडक्यानं साफ करायची. उद्या आल्यावर तीच पुन्हा, काही न बघता. परवा पुन्हा. एकदा मी कुरकुरलो. सर म्हणाले, "जाधव, पाटीवर आहे ते पाटीचं. पुसल्यावर तुमच्याजवळ किती राहतं ते मला बघायचंय." पहिले दोन महिने माझ्याजवळ फारसं काही राहत नव्हतं. पुढे राहायला लागलं. इतकं की सिद्धता पुरी झाली, एकदा तपासली, की सरांनी सांगायची वाट न बघता हात आपोआप फडक्याकडे जायचा.

'हे उघड आहे' हे शब्द त्यांना खपत नसत. कुणी म्हटलं की ते शांतपणे खडू पुढे करत. "उघड आहे ना? मग दाखवा." दस्तगीर स्वभावानं गप्पिष्ट. तो एकदा म्हणाला, "सर, दिसतंय की डोळ्याला!" सर म्हणाले, "तुमच्या डोळ्याला दिसतं. माझे डोळे अधू आहेत. मला हात धरून न्या." त्या दिवशी त्यांना हात धरून न्यायला आम्हाला सव्वा तास लागला, आणि वाटेत कळलं की ते प्रमेय आम्ही समजत होतो तसं नव्हतंच.

पण मी त्या वर्गात पोचलो कसा, ते सांगायचं राहिलं. मी इंटरला असताना संक्रांतीला घरी गेलो, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं की इंटर झाली की बास, पोरगं पलटणीत जाणार. आबा स्वतः पलटणीतले हवालदार, मागच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. भरतीचे लोक गावोगाव फिरत होतेच. इंटरचं गणितही सरच शिकवत, मी त्यांना तसं पत्र टाकलं. चौथ्या दिवशी सर आमच्या बांधावर उभे! स्टेशनपासून दोन कोस पायी आले होते. काखेत त्यांची घरची पाटी होती.

शाळू हुरड्यात आला होता. आबा शेतातल्या उंच माळ्यावर उभे राहून गोफणीनं पाखरं हाकत होते. सरांनी नमस्कार केला आणि एकदम विचारलं, "हवालदार, लांबच्या निशाणाला बंदुकीचं तोंड वर का धरता?"

आबा म्हणाले, "वर धरल्याबिगर गोळी पोचत न्हाई म्हणून. त्यात काय इचारायचं?"

"किती वर धरलं म्हणजे गोळी सगळ्यात लांब जाईल?"

"त्ये हाताला कळतं मास्तर. सांगून न्हाई यायचं."

"मी सांगतो," सर म्हणाले. "एक धोंडा मारा."

आबांनी मारला. सरांनी धोतराचा काचा मारला आणि शाळवातून पावलं मोजत गेले, मोजत आले. बांधावर बसून पाटीवर काहीतरी केलं. मग पाटीची कड तिरकी धरून दाखवली. "धोंडा असा सुटला पाहिजे. जोर आत्ता होता तेवढाच. पलीकडे ती बाभळ दिसते ना, तिच्या बुंध्याशी पडेल." आबा हसले. पण त्यांनी गोफण फिरवली आणि सांगितल्या तिरकसपणानं सोडली. धोंडा बाभळीच्या रेषेत गेला, पण दहाबारा पावलं अलीकडे पडला.

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, झालं, आता मी पलटणीत. सर मात्र चटकन पाटीवर वाकले आणि म्हणाले, "चूक माझी. हवेचा अडसर मी धरलाच नव्हता. बरोबर आहे, तेवढं कमी पडणारच."

आबा माळ्यावरून खाली उतरले. बाभळीपर्यंत चालत गेले, धोंडा पायानं उलथा केला, परत आले. म्हणाले, "मास्तर, तुमी हितं बसून इतकं बरूबर सांगितलंसा, त्याचं मला नवाल न्हाई. आमचं सायब लोक बी सांगायचं. पण चूक झाली तर शिपायाच्या डोस्क्यावर घालायचं. माझी चुकी म्हणणारा मानूस लय दिसानं बघितला. न्या पोरगं." मग हुरडा झाला, ताक झालं. निघताना सरांना गोफण फिरवून बघायची हौस आली. त्यांचा धोंडा मागच्या मागे उडाला आणि आमच्या म्हशीला बसला. आबा म्हणाले, "ह्यात हवेची काय चूक न्हाई बरं का मास्तर!" असे हसताना आबांना मी क्वचितच पाहिलं.

पाटीमुळे एकदा आम्ही पोलिसांच्या तावडीतही सापडलो. चळवळ जोरात होती, भूमिगतांची पत्रकं हातोहात फिरत होती. एका दुपारी फौजदार आमच्या वसतिगृहात झडतीला आले. पत्रक काही मिळालं नाही, पण दस्तगीरच्या खाटेवर पाटी मिळाली. तिच्यावर ग्रीक अक्षरं, बाण, कंस. फौजदारांचे डोळे चमकले. "ही सांकेतिक भाषा कुणाची?" आम्ही गणित गणित म्हणून घसा कोरडा केला, पण ऐकतो कोण? शेवटी सरांना बोलावणं गेलं. सर आले, त्यांनी पाटी बघितली आणि दस्तगीरवरच उखडले. "ही चौथी पायरी कुठून आली? अहो, हे अर्धवट आहे!"

फौजदार म्हणाले, "हे आहे तरी काय?"

"बसा," सर म्हणाले, आणि त्यांना समोर बसवून पहिल्या ओळीपासून सांगायला लागले. फौजदार दोनदा उठले, सरांनी दोन्ही वेळा त्यांना बसवलं. "थांबा, आता गंमत आहे." पाऊण तासानं फौजदार घामाघूम होऊन बाहेर पडले. पाटी पुरावा म्हणून न्यायला सरांची हरकत नव्हती, उलट नीट पुरी करून देतो म्हणाले. फौजदारांनी हात जोडले.

असे हसतखेळत दिवस चालले होते. बी.ए.चं शेवटचं वर्ष निम्मं सरलं आणि एके दिवशी सरांनी हजेरी घेऊन वही मिटली. मग म्हणाले, "एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. प्रिन्सिपॉलसाहेबांचं म्हणणं असं की दोघांसाठी वर्ग चालवणं परवडत नाही. खालच्या वर्षाला तर कुणीच नाही. तुमच्यापैकी एकाला तरी पहिला वर्ग मिळाला तर कॉलेजचं नाव होईल, मग मुलं येतील, मग वर्ग राहील. नाही मिळाला तर जूनपासून बंद." फळ्याकडे वळता वळता म्हणाले, "तुमच्यावर ओझं म्हणून सांगत नाही. लपवून ठेवणं मला जमलं नसतं."

त्या दिवसापासून आम्ही दोघं जे अभ्यासाला बसलो ते बसलोच. दस्तगीर स्वच्छ बोलला, "गड्या, माझं काय खरं न्हाई. माझा दुसरा वर्ग आला तरी आमच्या घरी सतारी वाजतील. पहिला वर्ग तूच आणायचास." सराव-परीक्षेत मी पहिल्या वर्गाच्या बराच वर होतो. सरांनी ते मार्क बघितले आणि त्या दिवशी जाताना टोपी विसरून गेले.

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला होतं. एप्रिलचा उन्हाळा. पहिले पेपर सुरेख गेले. शेवटच्या पेपरला एक प्रश्न असा होता, की तो ज्याला सुटेल त्याचा पहिला वर्ग नक्की. मी तो शेवटाला ठेवला. रुमाल भिजवून मानेवर टाकला आणि भिडलो. वीस मिनिटं काही सुचेना. मग एकाएकी सुचलं. पान भरून सिद्धता उतरत गेली, कुठेही खाडाखोड नाही. पुरी झाली. वरपासून खालपर्यंत तपासली. एकही पायरी चुकली नव्हती. इतकं सुख मला त्याआधी कशानं झालं नव्हतं. मनातल्या मनात सरांचा आवाज आला, "छान." आणि माझ्या हातानं मानेवरचा ओला रुमाल ओढला आणि पानावरून वरपासून खालपर्यंत फिरवला.

निळी शाई पानभर पसरली. मी बघतच राहिलो. पर्यवेक्षक धावत आले.

"हे काय केलंत?"

"पुसलं."

"पुसलं? का?"

"पुरं झालं म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की या मुलाला उन्हाचा त्रास झाला आहे, पाणी आणावं. तेवढ्यात शेवटच्या पाच मिनिटांची घंटा झाली. सिद्धता डोक्यात जशीच्या तशी होती, ती नव्या पानावर पुन्हा उतरवायला लागलो. निम्मी लिहून होते न होते तो कागद काढून घेतले. परतीच्या गाडीत दस्तगीरनं माझी समजूत घालायचा प्रयत्न केला आणि मधेच त्याला हसू फुटलं. मग मलाही फुटलं. मिरज येईपर्यंत आम्ही हसत होतो आणि मला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेलो. मान खाली घालून सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा ताणला गेला, मग खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. हसू ओसरल्यावर विचारलं, "पुसण्याआधी तपासलं होतंत?"

"हो सर."

"बरोबर होतं?"

"होतं."

"मग गणित झालं," सर म्हणाले. "परीक्षा तेवढी राहिली."

जूनमध्ये निकाल लागला. माझा पहिला वर्ग चार मार्कांनी गेला. दस्तगीरलाही दुसराच. सर प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "पुसायची सवय मी लावली, चूक माझी आहे. त्याची शिक्षा विषयाला नको." साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर जाईना. एकाच वेळी चार मुलांचे अर्ज येतील तेव्हा वर्ग पुन्हा उघडू, असं त्यानं सांगितलं आणि वर्ग बंद झाला. सरांकडे इंटरपर्यंतचं गणित उरलं. आमच्या खोलीत कॉलेजच्या मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या.

दस्तगीर घरच्या धंद्यात गेला. सतारीचे पडदे तो गणितानं बसवायचा आणि त्याचे वडील मागाहून कानानं सरकवायचे. मला पुण्याला कायदा शिकायला जायचं होतं, जागाही मिळाली होती. पण त्या चार मार्कांनी मला सुखानं जाऊ दिलं नाही. आटपाडीच्या हायस्कुलात गणिताला मास्तर मिळत नव्हता. मी तिकडे गेलो. आबांनी विचारलं, "त्या माळरानात काय हाय रं?" मी म्हटलं, "चार पोरं असतील." आबांना काही कळलं नाही. मीही फोड करून सांगितलं नाही.

सुट्टीत मी सांगलीला सरांना भेटायचो. त्या वर्गाचं त्यांनी कधी नाव काढलं नाही, मला कधी टोचून बोलले नाहीत. आटपाडीची मुलं कशी आहेत एवढं विचारत आणि नवं काही वाचलं असेल तर सांगत बसत. एकदा बोलता बोलता कॉलेजपर्यंत गेलो. त्या खोलीच्या दारापाशी त्यांची पावलं जरा घाईनं पडली. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

मधे देश स्वतंत्र झाला, संस्थानं गेली. माझी आटपाडीच्या शाळेतली मुलं मॅट्रिक झाली, सांगलीला येऊन इंटर झाली. ती तिथेच सरांच्या हाताखाली शिकत होती, पण पुढे गणितच घ्यायचं त्यांनी ठरवलंय हे मी कुणालाही कळू दिलं नव्हतं. न जाणो, ऐन वेळी एखादा फिरायचा. जून उजाडला. चौघांना घेऊन मी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टेबलावर चार अर्ज ठेवले. साहेबांनी ते दोनदा वाचले, माझ्याकडे पाहिलं, आणि शिपायाला खोलीची किल्ली आणायला सांगितलं.

पुढे तो वर्ग चांगला चालला. सर निवृत्त होऊन वाईला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मी तेव्हा शेवटच्या भेटीला पोचू शकलो नाही, याची हळहळ अजून वाटते. पण मला सर आठवतात ते त्या जूनमधले.

मुलांनी मोडक्या खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. कुणीतरी निरोप सांगितला म्हणून सर आले आणि दारात थांबले. मी म्हटलं, "सर, हे चौघं बी.ए.ला गणित घेताहेत. अर्ज मंजूर झालेत." सरांनी एकेकाकडे पाहिलं.  दाराच्या चौकटीवरची धूळ हातानं पुसली. मग आत गेले, मुलांना बसायला सांगितलं. मीही सवयीनं पहिल्या बाकावर टेकलो.

"जाधव, तुम्ही बाहेर जा," सर म्हणाले.

"सर?"

"तास सुरू करायचा आहे. बाहेरच्या माणसाला वर्गात बसता येत नाही."

मी मुकाट्यानं उठलो. माझ्यामागे त्यांनी दार लावून घेतलं. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिलो. आत खडू वाजायला लागला. थोड्या वेळानं एक पोरगा म्हणाला, "सर, हे तर उघड आहे," आणि खडू वाजायचा थांबला. मला रडू आलं, ते आवरायचा मी काही प्रयत्न केला नाही. तास संपेपर्यंत तिथेच उभा होतो, आणि माझी आटपाडीची मोटार चुकली.